निरक्षर नेमके कोणाला म्हणायचे?

गोवा राज्याने ३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, आपण संपूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर केले. गोव्याची उत्तर सीमा ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. २०११च्या जनगणनेत येथील साक्षरता ८५.५६ टक्के होती, पुरुषांमध्ये ९१.५८, तर स्त्रियांमध्ये ७९.८१ टक्के. २०२७च्या जनगणनेसाठी १ मार्च ही संदर्भ तारीख मुक्रर झाली असल्याने 'निरक्षर' या शब्दाच्या अर्थाचा प्रश्न कुडाळच्या वाड्यावाड्यांनाही लागू आहे.

जनगणनेची व्याख्या सुटसुटीत आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. शाळेत गेल्याची अट नाही. मात्र वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी व्यक्ती निरक्षरच गणली जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये यापुढे जाऊन आकडेमोड, डिजिटल आणि आर्थिक व्यवहारांचे भान यांचाही साक्षरतेत समावेश केला व ९५ टक्के साक्षरता म्हणजे संपूर्ण साक्षरता, असे ठरविले. 'संपूर्ण'मध्ये पाच टक्क्यांची सूट कशी बसते, हे भाषाशास्त्रज्ञांनीच सांगावे!

इंग्रजीतील 'इलिटरसी'चाही अर्थ असाच सरकत गेला आहे. मध्ययुगीन युरोपात लॅटिन न येणाऱ्यास 'अक्षरशून्य' समजले जाई, मग त्याला मातृभाषा वाचता का येईना. पुढे हा शब्द लिहिता-वाचता न येण्यापुरता उरला आणि आज पुन्हा पसरून संगणक, पैसा, आरोग्य अशा कोणत्याही विषयातील अज्ञानाला चिकटतो. मराठी वृत्तपत्रांनीही 'आर्थिक निरक्षर', 'डिजिटल निरक्षर' हे प्रयोग उचलले. परिणामी म्युच्युअल फंड न समजणारा पदवीधर आणि बँकेच्या कागदावर अंगठा उठविणारी वृद्धा एकाच शब्दाखाली आली. त्यातच बोलीतला 'अंगठेबहाद्दर' हा शब्द वर्णनाऐवजी शिवीच होऊन बसला आहे.

अक्षर नाही म्हणून ज्ञान नाही, हे समीकरण कुडाळला तरी पटणारे नाही. शेजारच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांच्या आधारे पुराणकथा सांगत आले. दशावतारी नट लिखित संहितेविना रात्रभर संवाद रंगवितो. तथापि या कौतुकाने बँकेचा अर्ज भरला जात नाही, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्रज्ञ कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर यांनी १९९८ मध्ये मांडलेला भेद येथे अधिक उपयोगी ठरतो. ज्याच्या घरात कोणीतरी साक्षर आहे, तो निरक्षर आणि ज्याच्या घरात कोणीच साक्षर नाही, तो निरक्षर, हे दोघे सारखे नव्हेत. पहिल्याला साक्षरतेचा लाभ उसना मिळतो, दुसऱ्याला तोही नाही. कोकणात हा भेद फार जुना आहे. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत जाई. गावी राहिलेल्या बायकोला त्याचे पत्र पोस्टमन किंवा शेजारचा शाळकरी पोर वाचून दाखवी. घरातील वाचणारा माणूसच स्थलांतरित झाल्याने घरचा संसार दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा लागे, आणि खासगी मजकूर अर्थातच खासगी राहत नसे. गिरण्या गेल्या, पत्रे गेली. पण शिकलेली मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याला वा गोव्यात जातात आणि मागे एकटी राहणारी म्हातारी मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश कोणाला तरी दाखविते. तो कोणाला दाखवायचा, यात तिच्या खात्यातील रकमेची सुरक्षितता अडकलेली असते.

साक्षरतेच्या टक्केवारीत हे दिसत नाही. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत २५ वर्षांवरील एकही साक्षर प्रौढ नसलेले ग्रामीण कुटुंब हा वंचिततेचा निकष धरला गेला होता. सध्याच्या 'उल्लास' कार्यक्रमात स्वयंसेवक १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकवितात. वाड्यांवर त्यांनी आधी कोणत्या घरी जायचे, हे जिल्ह्याच्या आकड्यावरून नव्हे, तर अशा घरांच्या यादीवरूनच ठरविता येईल.