‘औषधी’ दारू: हिशोब मांडून बोलूया

‘डॉक्टर, मी दारू घेत नाही. जेवणानंतर थोडं हर्बल घेतो, पचायला बरं.’

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. खोदून विचारलं की ‘हर्बल’ म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी निघतात. कुणाकडे दुकानातून आणलेली अरिष्टाची बाटली असते. कुणाच्या भाच्याने परदेशातून येताना मसाल्याची गोड लिकर आणलेली असते. कुणी गोव्याहून दुकशिरीची, म्हणजे अनंतमुळाची मुळी घातलेली फेणी आणतो. आणि कुणाचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा शनिवारी घरी येऊन जिनच्या ग्लासात कडू बिटर्सचे थेंब टाकतो आणि वडिलांना समजावतो, ‘पप्पा, यात सगळ्या जडीबुटी आहेत.’

चौघांचा समज एकच: वनस्पती आहे, म्हणजे औषध आहे. हा लेख त्या समजाविरुद्ध आहे. अल्कोहोल असलेलं औषध असू शकतं, पण जडीबुटी घातल्यामुळे दारूचं औषध होत नाही. आणि वनस्पतींची चवच हवी असेल, तर तिच्यासाठी अल्कोहोलची गरज नाही.

आपला हिरडा आणि आपली धायटी

सुरुवात घरापासून करू. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या डोंगरपट्ट्यातले आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात बाळहिरडा हे अनेक घरांचं वर्षाचं नगदी उत्पन्न आहे. हिरड्याचं एक संस्कृत नाव ‘अभया’. बद्धकोष्ठ आणि मूळव्याधीसाठी वैद्य जे अभयारिष्ट देतात, त्यातला मुख्य घटक हाच.

अरिष्ट कसं बनतं? वनस्पतींचा काढा करायचा, त्यात गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि भांडं बंद करून काही आठवडे ठेवायचं. साखर आंबते आणि तिचं अल्कोहोल होतं. काढा न उकळता केलं तर ते आसव. हे अल्कोहोल बाहेरून ओतलेलं नसतं, ते आतच तयार होतं. म्हणून लेबलवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ अशा अर्थाचे शब्द बारीक अक्षरांत छापलेले असतात. प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असतं. पुन्हा वाचा: ५ ते १० टक्के. साध्या बिअरमध्येही जवळपास एवढंच असतं.

मग अरिष्ट वाईट का? मुळीच नाही. वैद्यांनी सांगितलेली मात्रा सहसा १५ ते ३० मिली असते, तितकंच पाणी घालून, जेवणानंतर. त्या मात्रेत अल्कोहोल थोडं असतं. तक्रार वेगळी आहे. लोक ही बाटली औषध म्हणून सुरू करतात आणि टॉनिक म्हणून चालू ठेवतात. मात्रा चमच्याने मोजायची सोडून झाकणाने, मग अंदाजाने घेतात. आणि दुसऱ्या डॉक्टरने ‘कुठलं औषध चालू आहे का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण ‘ते तर आयुर्वेदिक आहे’.

मोजायला शिका

हिशोब सोपा आहे. जितके मिली प्यायलात त्याला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, मग ०.८ ने गुणा. येईल तेवढे ग्रॅम शुद्ध अल्कोहोल तुमच्या पोटात गेलं.

- ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा छोटा पेग: सुमारे १० ग्रॅम.
- १० टक्क्यांचं अरिष्ट, ३० मिली: सुमारे अडीच ग्रॅम. दिवसातून दोनदा, ५ ग्रॅम.
- तेच अरिष्ट अर्धी बाटली, म्हणजे २२५ मिली: १८ ग्रॅम. जवळजवळ दोन पेग.
- ३५ टक्क्यांची जडीबुटीची लिकर, ६० मिली: सुमारे १७ ग्रॅम.
- १२ टक्क्यांची वाईन, १५० मिलीचा ग्लास: १४ ग्रॅमच्या वर.
- ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली: सुमारे ४१ ग्रॅम. चार पेग.
- जिन ६० मिली आणि २५ टक्क्यांची मसालेदार लिकर ३० मिली, असं एक कॉकटेल: सुमारे २६ ग्रॅम. लिंबाची चकती आणि पुदिन्याच्या पानाखाली अडीच पेग लपलेले.

हे ग्रॅम यकृताला कळतात. बाटलीवर हिरवं पान छापलंय की मोर, हे त्याला कळत नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. सोड्याच्या ग्लासात बिटर्सचे दोन-तीन झटके टाकले तर ते अडीच-तीन मिली भरतात. बिटर्स ४५ टक्क्यांच्या आसपास असलं, तरी हिशोब एक ग्रॅमभोवतीच येतो. निरोगी माणसाने त्याची भीती बाळगू नये. पण ज्याने दारू सोडली आहे, ज्याला डायसल्फिरामची गोळी चालू आहे, त्याच्यासाठी तो ग्लास ‘नॉन-अल्कोहोलिक’ नाही. कप्पडवजा कफ सिरप, माउथवॉश, अरिष्ट, बिटर्स, सगळ्यांचं लेबल त्याने वाचलंच पाहिजे.

‘पचनाला चांगली’ हे कुठून आलं?

कडू मद्यांचा उगम खरोखर औषधात आहे. आज जगभरच्या बारमध्ये दिसणारं अँगोस्टुरा बिटर्स १८२४ मध्ये योहान सीगर्ट या जर्मन लष्करी डॉक्टरने व्हेनेझुएलात सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींसाठी बनवलं. त्या काळी वनस्पतींचा अर्क काढायला आणि टिकवायला अल्कोहोलइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. थोडक्यात, अल्कोहोल हे तिथं वाहन होतं. प्रवासी होत्या वनस्पती. आपण दोनशे वर्षांनी प्रवाशांना विसरलो आणि वाहनाचीच पूजा करतो आहोत.

कडू चवीने तोंडाला पाणी सुटतं, भूक चाळवते, हे खरं. पण ते काम कडूपणा करतो. अल्कोहोल उलटं वागतं. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक छोटा, मजेदार प्रयोग झाला. २० निरोगी लोकांना चीजचं जड जेवण दिलं, काहींना वाईनबरोबर, काहींना चहाबरोबर, आणि नंतर कडक मद्य किंवा पाणी. अल्कोहोल घेणाऱ्यांचं पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. ‘जेवणानंतर थोडी घेतली की हलकं वाटतं’ यातलं हलकं वाटणं डोक्यात असतं. पोट जडच राहतं.

शिवाय लिकर म्हणजे साखर. युरोपात लिकर म्हणवून घ्यायला साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते. ‘शुगर आहे म्हणून दारू सोडली, आता ही गोड हर्बल घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कायदा म्हणतो ‘आरोग्यासाठी’

महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे आणि आजही दारू पिण्यासाठी परवान्याची तरतूद आहे. गंमत म्हणजे त्या परवान्याच्या नियमांत कारण दिलेलं असतं ते आरोग्य जपण्याचं! याच कायद्यावर १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला आणि अल्कोहोल असलेली औषधं व प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द ठरवली. तो निकाल योग्यच होता, रुग्णाला औषध मिळालं पाहिजे. पण कायद्याने परवानगी देणं आणि शरीराला मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं ठासून सांगितलं गेलं. आपल्या भागात हा विषय नाजूक आहे, हे मला माहीत आहे. जुन्नर तालुका द्राक्षांचा. नारायणगावची वाइनरी १९८० च्या दशकातली, तिथल्या फेसाळत्या वाईनने भारताचं नाव परदेशात नेलं. द्राक्ष बागायतदाराला चार पैसे मिळावेत असं मलाही वाटतं. त्यासाठी निर्यात आहे, बेदाणा आहे, रस आहे, आणि हो, वाईनही आहे. ज्याला प्यायची त्याने दारू समजून प्यावी. शेतकऱ्याचं भलं होतं म्हणून पिणाऱ्याचं यकृत सवलत देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते १९८८ पासून आहे. त्यातून वाईन वगळलेली नाही, अरिष्टही नाही.

यांनी जपायचं

पुढच्या लोकांनी ‘हर्बल’ बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच:

- गरोदर महिला. अल्कोहोलची सुरक्षित मात्रा कुणालाही माहीत नाही, म्हणून शून्य. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची रीत आपल्याकडे आहे. ते वैद्यांच्या सल्ल्याने, मोजून आणि ठरावीक दिवस द्यावं. आईच्या रक्तातलं अल्कोहोल दुधात उतरतं. सासूबाईंनी ‘अजून दोन बाटल्या संपव’ म्हटलं, तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.
- लहान मुलं. सर्दीला चमचाभर ब्रँडी, हा प्रकार आजच बंद करा.
- टीबीची औषधं चालू असलेले. ही औषधं आधीच यकृतावर ताण देतात.
- मधुमेही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांबरोबर अल्कोहोलने साखर धोकादायक खाली जाऊ शकते.
- झोपेच्या, फिटच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि कावीळ किंवा यकृताचा आजार असलेले.
- ब्लड प्रेशरचे रुग्ण. मसालेदार मद्यांत आणि काढ्यांतही ज्येष्ठमध असतो. तो रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

आणि एक महत्त्वाची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे गंभीर त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. सोडवता येते.

मग ग्लासात काय?

कडू, आंबट, मसालेदार चवीचं पेय हातात असावं, चारचौघांत ‘मी नुसतं पाणी पितो’ म्हणावं लागू नये, ही इच्छा अगदी रास्त आहे. त्यासाठी आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे.

संत्र्याच्या सालीचा कडू अर्क: दोन संत्र्यांची स्वच्छ धुतलेली साल, बोटभर दालचिनी, चार वेलदोडे, दोन लवंगा, आल्याचा तुकडा. दोन पेले पाण्यात मंद आचेवर एक पेला होईपर्यंत उकळा, गाळा, थंड करा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. ग्लासात दोन मोठे चमचे अर्क, अर्धं लिंबू आणि वरून थंड सोडा. बिटर्स घातलेल्या पेयाची कडसर चव येते आणि हिशोब येतो शून्य ग्रॅम.

कैरीचं पन्हं: उकडलेला गर, जिरेपूड, वेलची, चिमूटभर काळी मिरी. गूळ निम्मा करा. मधुमेह असेल तर गूळ वगळून पुदिना वाढवा.

ताक: आलं, भाजलेलं जिरं, हिंग. जेवणानंतरचं ‘पाचक’ हवं असेल तर याच्यासमोर कुठलीही महागडी बाटली उभी राहत नाही. बीपी असेल तर मीठ कमी.

मात्र ‘अल्कोहोल नाही म्हणजे कितीही चालेल’ ही दुसरी गैरसमजूतही नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, वाद झाला. माझ्या दृष्टीने सामान्य माणसाने त्यातून एवढंच घ्यावं: जी वनस्पती शरीरात काही घडवू शकते, ती जास्त झाली तर बिघडवूही शकते. चवीपुरती घ्या, मजेत घ्या. महिनोन्‌महिने काढे मनाने घेऊ नका.

आज एक काम करा. घरातली अशी प्रत्येक बाटली काढा, चष्मा लावून लेबल वाचा आणि टक्के एका कागदावर लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि ‘कुठलं औषध चालू आहे?’ असं विचारलं की तो पुढे करा. जर प्यायचीच असेल, तर ती दारू आहे हे मान्य करून, मोजून प्या. पचनाच्या, सर्दीच्या, रक्तवाढीच्या नावाखाली स्वतःची समजूत घालू नका.