दिल्लीची वाट आणि घरची शिदोरी

‘पुढें काय करणार ?’ हा प्रश्न शाळेच्या शेवटल्या वर्षांत मुलांस घरींदारीं ऐकावा लागतो. पूर्वीं त्याचें उत्तर डॉक्टर, वकील, मास्तर असें कांहींतरी येत असे. अलीकडे उत्तरांत धंद्याऐवजीं गांवाचें नांव येतें. ‘मी दिल्लीला जाणार,’ असें आमच्या वर्गांतील मुलें सांगतात, आणि तेथें जाऊन काय शिकणार असें विचारलें म्हणजे जरा घुटमळतात. कोणी स्पर्धापरीक्षांचें नांव घेतो, कोणी सेंट स्टीफन्सचें, कोणी मिरांडा हाऊसचें. एका मुलीनें तर ‘मला तिकडची थंडी पाहावयाची आहे, सर,’ असें सांगून टाकलें. सर्वांत मला तिचें उत्तर अधिक आवडलें. कारण तें खरें होतें.

शहराची ओढ लागणें हा कांहीं अपराध नव्हे. आपल्या पणजोबांच्या पिढींतील मुलें कोंकणांतून व देशावरून पुण्या-मुंबईस गेलीं, वार लावून जेवलीं आणि परक्याच्या ओसरीवर निजून परीक्षा उतरलीं. तीं केवळ पदवीसाठीं गेलीं असें मला वाटत नाहीं. शहर पाहण्याची हौस त्यांनाही होतीच. तेव्हां ‘एवढ्या लांब कशाला ?’ या एका वाक्यानें मुलांचें तोंड बंद करणाऱ्या पालकांच्या पक्षाचा मी नाहीं. परंतु मुंबईहून आगगाडीनें सुमारें १,४०० किलोमीटर दूर असलेल्या नगरींत तीन-चार वर्षें काढावयाचीं, तर ओढीच्या जोडीला कांहीं आंकडे असावे लागतात. आणि माझा अनुभव असा कीं, हे आंकडे मुलें पाहत नाहींत व पालक सांगत नाहींत.

प्रथम प्रवेशाचें पाहूं. २०२१ सालापर्यंत दिल्ली विद्यापीठांत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे, आणि त्या वर्षीं कांहीं कॉलेजांनीं कांहीं विषयांची पहिली यादी चक्क १०० टक्क्यांवर लावली. २०२२ पासून ती रीत गेली व केंद्रीय विद्यापीठांकरितां एक सामायिक प्रवेशपरीक्षा, सी.यू.ई.टी., सुरू झाली. बारावी उत्तीर्ण होणें अर्थातच अवश्य आहे. पण क्रम लागतो तो या परीक्षेच्या गुणांवर. आपल्या बोर्डाच्या मुलांस यांत एक सोय आहे व एक अडचण आहे. सोय ही कीं, परीक्षा १३ भाषांत देतां येते व मराठी त्यांपैकीं एक आहे. अडचण ही कीं, प्रश्नांचा रोख एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांकडे असतो. आपलीं पाठ्यपुस्तकें तोंडपाठ असलेल्या मुलानेंही तीं दुसरीं पुस्तकें वर्षभर शेजारीं ठेवलीं पाहिजेत. दहावीच्या मुलांनीं तर याहूनही आधीं जागें व्हावें. दिल्ली विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें जे विषय बारावीस घेतले, त्याच विषयांची ही परीक्षा द्यावयाची असते. आणि अर्थशास्त्राच्या ऑनर्सला गणित लागतें. ‘गणित सुटलें एकदांचें !’ म्हणून अकरावींत आनंद मानणाऱ्या मुलानें दिल्लीच्या अर्थशास्त्राचें दार त्याच दिवशीं लावून घेतलेलें असतें, व तें त्यास दोन वर्षांनीं कळतें.

आतां यादीविषयीं. माझें सर्व म्हणणें खरें पाहतां या यादीविषयींच आहे. परीक्षेचे गुण हातीं आल्यावर विद्यार्थ्यानें कॉलेजांची व विषयांची नांवें आपल्या पसंतीच्या क्रमानें भरावयाचीं असतात. नांवें कितीही भरतां येतात. मग फेरीफेरीनें जागा वांटल्या जातात. मिळालेली जागा पत्करून वरच्या नांवाची वाट पाहतां येते. परंतु मिळालेली जागा नाकारली, किंवा मुदतींत कांहींच कळविलें नाहीं, तर पुढील फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पांचच नांवें भरलीं, पांचही मोठीं. गुण चांगले होते. त्या पांचांपुरते मात्र नव्हते. त्याला एकही जागा मिळाली नाहीं आणि वर्ष गेलें. पुढें भेटला तेव्हां मीं विचारलें, “अरे, सहावें नांव कां नाहीं लिहिलेंस ?” तो म्हणाला, “सहावें लिहिलें असतें तर तें मिळालें असतें, सर. म्हणूनच नाहीं लिहिलें.”

या उत्तरावर मीं पुष्कळ विचार केला आहे. पहिलीं पांच नांवें लिहावयास शहाणपण लागत नाहीं. तीं सर्वांच्या तोंडीं असतात. कस लागतो तो शेवटच्या नांवाचा. जें आपल्या गुणांस बहुधा मिळेल, जें आपल्या घरास झेपेल, आणि मिळालें असतां जेथें आपण आनंदानें जाऊं, असें एक नांव ज्यास शोधून काढतां आलें, त्यानें वरचीं नांवें खुशाल कितीही उंच लिहावीं. आणि असें नांव सांपडतच नसेल, तर त्याला कॉलेज नको आहे, कॉलेजची पाटी हवी आहे, असें समजावें.

सेंट स्टीफन्स कॉलेज केंब्रिज मिशननें १८८१ सालीं स्थापिलें, हिंदू कॉलेज १८९९ चें, रामजस १९१७ चें, मिरांडा हाऊस १९४८ चें. विद्यापीठ मात्र १९२२ चें, आणि पदवी देतें तें विद्यापीठ. त्याच विद्यापीठांत झाकिर हुसेन दिल्ली कॉलेज म्हणून एक आहे. आमच्या मुलांच्या याद्यांत तें मला क्वचितच आढळलें. पण त्याची परंपरा थेट औरंगजेबाच्या काळच्या गाजिउद्दीनखानाच्या मदरशापर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकांत त्याच परंपरेंतल्या दिल्ली कॉलेजांत मास्टर रामचंद्र गणित शिकवीत, आणि त्यांचा गणितावरील ग्रंथ वाचून डी मॉर्गनसारख्या इंग्रज गणितज्ञानें त्याचा विलायतेंत पुरस्कार केला. प्रसिद्धीनें मागें पडलेलीं सर्वच कॉलेजें सारखीं चांगलीं, असें माझें म्हणणें नाहीं. आपला विषय तेथें कसा शिकवितात, ग्रंथालय कसें आहे, शिक्षक कायम आहेत कीं तात्पुरते, हें ज्याचें त्यानें तेथील विद्यार्थ्यांस विचारून पाहावें. पण पाहावें तरी !

दिल्लींतील प्रत्येक संस्था बाहेरच्यांस सारखीच मोकळी आहे असेंही नाहीं. दिल्ली सरकारच्या इंद्रप्रस्थ विद्यापीठांत, आंबेडकर विद्यापीठांत व तांत्रिक विद्यापीठांत ८५ टक्के जागा दिल्लीकरांसाठीं असतात. आपण उरलेल्या १५ टक्क्यांचे उमेदवार. जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत बी.ए.चें शिक्षण मुख्यतः परकीय भाषांचें आहे, राज्यशास्त्राच्या बी.ए.साठीं तेथें निघालेला मुलगा मीं पाहिला आहे. सेंट स्टीफन्स व जीझस अँड मेरी या कॉलेजांत ख्रिस्ती उमेदवारांसाठीं राखीव जागा आहेत. आणखी एक कागदाची गोष्ट : केंद्रीय विद्यापीठांत मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या यादीप्रमाणें व केंद्राच्या नमुन्याचा लागतो. मराठा समाजास महाराष्ट्रांत २०२४ च्या कायद्यानें मिळालेलें आरक्षण तेथें लागू नाहीं. ऐन वेळीं धांवपळ करण्यापेक्षां हें दिवाळीच्या सुटींत पाहून ठेवावें.

आतां पैशाचें. दिल्ली विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजांत कला व वाणिज्य शाखांची फी फार नाहीं. ती वर्षाला लाखाच्या पुष्कळ आंत असते. हें ऐकून पालक निश्चिंत होतात, आणि येथेंच फसतात. खर्च फीचा नसतो, छपराचा व ताटाचा असतो. पुष्कळ कॉलेजांस वसतिगृहच नाहीं. ज्यांस आहे तेथें जागा थोड्या. मग भाड्याची खोली व खाणावळ आली. नमुन्यादाखल मी एक हिशेब मांडतों. आंकडे माझे धरलेले आहेत, आपण त्यांच्या जागीं आपले घालावे. खोली व जेवण दरमहा १५,००० धरले तर दहा महिन्यांचे १,५०,००० झाले, फी ३०,०००, घरीं येण्याजाण्याचे १०,०००, पुस्तकें, मेट्रो, रजई, औषधपाणी यांचे २०,०००. वर्षाचे २,१०,००० आणि तीन वर्षांचे ६,३०,००० . म्हणजे सात रुपयांतला एकच रुपया फीचा ! त्यांत २०२२ पासून तेथील पदवीचा क्रम चार वर्षांचा झाला आहे. तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें. पण चौथें वर्ष करावयाचें असेल तर तोच आंकडा ८,४०,००० होतो. खोली विद्यापीठालगतच हवी असा हट्ट नसावा. २००४ सालीं मेट्रो विश्वविद्यालय स्थानकापर्यंत पोहोंचली, तेव्हांपासून कांहीं स्थानकें दूर राहूनही वेळेवर वर्गांत बसतां येतें.

एका गृहस्थांची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ते एका कचेरींत लेखनिक होते. मुलगा दिल्लीस जातों म्हणाला, तेव्हां ‘जा, पैशाची काळजी करूं नकोस,’ एवढेंच ते बोलले. आपल्याजवळ किती आहे व किती नाहीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. मुलाच्या मनावर ओझें नको म्हणून. मुलगाही सालस, त्यानें उधळपट्टी केली नाहीं. पण विचारण्यासारखें कांहीं आहे, हेंच त्याला ठाऊक नव्हतें. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळींत तो घरीं आला, आणि ओवाळतांना आईच्या हातांत पाटल्या नाहींत असें त्याला दिसलें. पुढें तो मला म्हणाला, “बाबांनीं पहिल्याच दिवशीं आंकडा सांगितला असता, तर मी दोघांत खोली घेतली असती, सर. एकट्याची खोली मला मुळींच नको होती. ती बरी म्हणून त्यांनींच ठरवून दिली.”

त्या माउलीच्या पाटल्या सुटल्या कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. परंतु तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, सोळा वर्षांच्या मुलापासून घरची मिळकत लपविणें ही माया नव्हे. जो मुलगा त्रिकोणमितीचीं उदाहरणें सोडवितो, त्यास घरचा जमाखर्च समजतो. उलटपक्षीं मुलांसही मला एक सांगावयाचें आहे. दिल्लीच कां, याचें खरें कारण बाबांना सांगा. मैत्रीण जाते म्हणून, आत्याच्या मुलानें फोटो पाठविला म्हणून, थंडी पाहावयाची म्हणून, जें असेल तें. थंडी पाहावयाची असेल तर ती नाताळच्या सुटींत आठ दिवसांत पाहून होते. त्यासाठीं सहा लाख लागत नाहींत. (नोव्हेंबरांत मात्र जाऊं नये. त्या दिवसांत तेथील हवेंत धूर इतका असतो कीं घसा धरतो.)

कर्ज काढावें कीं नाहीं, यावर मी सरसकट मत देणार नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें पी.एम. विद्यालक्ष्मी ही योजना मंजूर केली. निवडक उच्च दर्जाच्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तींत तारण व जामीन यांवांचून कर्ज मिळतें, आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळांत व्याजांत तीन टक्क्यांची सवलत आहे. आपलें कॉलेज त्या निवडक यादींत आहे कीं नाहीं, हें प्रवेशाच्या आधीं पाहावें. त्याचबरोबर घर सोडतांना काय मागें राहतें, तेंही मांडावें. महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ केली आहे. ती राज्यांतील संस्थांपुरती. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलीनें दिल्लीच्या १५ टक्क्यांसाठीं ही सवलत सोडतांना दोनदां विचार करावा, असें मला वाटतें.

आणि एक तिसरी वाट आहे. तिच्याकडे आपल्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. पदवी येथें घ्यावी व एम्.ए.साठीं दिल्लीस जावें. मुंबईचें विल्सन कॉलेज १८३२ चें, सेंट झेवियर्स १८६९ चें, पुण्याचें फर्ग्युसन १८८५ चें. यांतून निघालेला विद्यार्थी दिल्लींत कोणासमोर मान खालीं घालील असें नाहीं. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचें. म्हणून खर्च कमी. एकविसाव्या वर्षीं आपणांस काय शिकावयाचें तें ठरलेलेंही असतें, आणि स्वतःचें जेवण शिजवितां येतें. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची खरी ख्याती तर पदव्युत्तर शिक्षणाचीच आहे. माझा स्वतःचा मुलगा असता तर मीं त्यास हीच वाट सुचविली असती. त्यानें ऐकली असती कीं नाहीं, हा निराळा प्रश्न!

दिल्ली व इतर विद्यापीठांचीं माहितीपत्रकें शाळेच्या वाचनालयांतील खिडकीजवळच्या कपाटांत ठेविलीं आहेत. परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीं ज्यांस बोलावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आईस अथवा वडिलांस घेऊन यावें. येतांना मुलांनीं आपल्या कॉलेजांची यादी व पालकांनीं आपला आंकडा, असे दोन कागद घरून लिहून आणावे. मात्र ते वाचनालयांत येईपर्यंत एकमेकांस दाखवूं नयेत.