वय आडवं येतं तेव्हा

चाळीस व त्यापुढच्या माणसाला केवळ वयामुळे नोकरी नाकारणं अमेरिकेने १९६७च्या कायद्याने बेकायदा ठरवलं. तरीही संगणक क्षेत्रात पन्नाशीच्या उमेदवाराकडे ‘आता याला नवं काय जमणार?’ अशाच नजरेने पाहिलं जातं.

जपानच्या मासाको वाकामिया बँकेतून निवृत्त झाल्या, साठीच्या सुमारास संगणक शिकल्या. ज्येष्ठांना जमतील असे मोबाइल-खेळ नाहीत, हे त्यांना खटकलं. २०१७ मध्ये, ८१व्या वर्षी, त्यांनी ‘हिनादान’ हा बाहुल्या मांडण्याचा खेळ स्वतः तयार केला. ही गरज ओळखायला त्यांचं वयच कामी आलं.

अब्बा-अम्मी मोबाइलमधलं काही विचारतात, तेव्हा ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमणार’ म्हणू नका. शेजारी बसा, त्यांनाच करू द्या. कचेरीतला हा भेदभाव माणूस घरातूनच शिकून जातो.