नाही म्हणण्याचा अधिकार

हिवरखेडच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्यांच्या आत मेळघाट. तेथील कोरकूंमध्ये ख्रिस्ती मिशनांचे कार्य शंभर वर्षांहून जुने आहे. ज्या समाजात ख्रिस्ती मंडळी स्वबळावर उभी राहिलेली नाही, त्याला मिशनांच्या परिभाषेत ‘न पोहोचलेला समाज’ म्हणतात. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या परिषदेत राल्फ विंटर या अमेरिकन मिशनऱ्याने अशा समाजांकडे लक्ष वेधले. तेव्हापासून जगभर त्यांच्या याद्या होत आल्या आहेत.

हा शब्द ऐकला की आम्हांस प्रश्न पडतो: कोरकूंपर्यंत कोण पोहोचले नाही? सावकार पोहोचला, जंगलखाते पोहोचले, 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्पही पोहोचला. दवाखाना मात्र वेळेवर पोहोचला नाही, म्हणून तेथील बालमृत्यूंचे गाऱ्हाणे 1993 पासून मुंबई उच्च न्यायालयापुढे वारंवार जात आले आहे.

मिशनऱ्यांना त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. 1890 मध्ये स्थापन झालेल्या कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशनने एलिचपूर व चिखलदरा भागात काम केले. त्या मिशनच्या जॉन ड्रेक यांनी 1903 मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ज्या बोलीस शेजारचे शहाणे लोक रानटी समजत होते, तिला नियम आहेत हे एका परदेशी माणसाने दाखविले. परंतु केलेल्या सेवेचे ऋण श्रद्धेने फेडून घेता येत नाही. भाकरी देणाऱ्याला ‘तुझा धर्म नको’ असे सांगूनही ती भाकरी मिळत राहिली, तरच ती सेवा होय. आणि 2018 च्या नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण कायदा मोडून अंदमानच्या उत्तर सेंटिनल बेटावर उतरला व प्राणास मुकला, तेव्हा त्या बेटवासीयांचा नकार त्याने आधीच ऐकला होता. नकार मानावयाचा नसेल, तर तो कसला धर्मप्रसार?

मात्र नकाराचा अधिकार रक्षिण्याच्या नावाखाली स्वीकाराचा अधिकारच हिरावून घेतला जात असेल, तर आम्ही सावध झाले पाहिजे. वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना, 1954 मध्ये, त्या सरकारने मिशनांच्या चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालाने मिशनांवर कडक निर्बंध सुचविले. आणि त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेबांच्या दीक्षा समारंभात स्वतः नियोगींनी बौद्ध धम्म स्वीकारला! त्या दिवशी कोणी जिल्हाधिकाऱ्याकडे परवानगीचा अर्ज घेऊन गेले नव्हते.

आज तसा अर्ज मागितला जातो. गुजरातच्या गृहखात्याने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून कळविले की, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासही 2003 च्या कायद्यान्वये जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी 2025 मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. डोंगरातल्या मिशनऱ्यासाठी बांधलेले कुंपण आमच्या विहाराच्या दारापर्यंत येऊन ठेपते, ते असे.

कायद्याची स्थिती नीट समजून घ्यावी. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या 25 व्या कलमातील प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. बळ, फसवणूक व आमिष यांस प्रतिबंध करणारे कायदे त्या न्यायालयाने वैध ठरविले. त्याला आमची हरकत नाही. परंतु दुसऱ्याचा धर्म बदलणे निराळे आणि स्वतःचा धर्म बदलणे निराळे. दुसरी गोष्ट ही सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची आहे. म्हणूनच हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये पूर्वसूचनेची सक्ती घटनाबाह्य ठरविली. माणसाने मनात काय ठरविले, हे महिनाभर आधी कचेरीत कळवावे असा दंडक लावला, की गावातील दांडग्यांना ते आपोआप कळते. आणि ज्याच्या शेतात मजुरी करावयाची, त्याच्या दारातून ते दडपण येते.

म्हणून आमच्या कुटुंबांना आमचे सांगणे असे: एखाद्या कोरकूने राजीखुशीने येशूचे नाव घेतले आणि त्याच्या झोपडीपुढे जमाव जमला, तर ‘हा आपला प्रश्न नव्हे’ म्हणून घरात बसू नका. बाबासाहेबांमागून धर्म बदलणाऱ्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय यादीत पुन्हा स्थान मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. 34 वर्षे धर्मांतराची किंमत मोजलेल्या समाजाने दुसऱ्यावर तीच किंमत लादली जाताना मूग गिळून बसावे काय?

आणि एक सांगणे आम्हा स्वतःस. दीक्षा समारंभात डोकी मोजण्याचा मोह आम्हांसही होतो. बावीस प्रतिज्ञांचा अर्थ ज्याला सांगितलाच नाही, त्याचा हात वर करून घेऊ नये. त्याला विचार करण्यास वेळ द्यावा. तो आला नाही, तरी त्याचे आमच्याकडचे जाणेयेणे पूर्ववत राहावे. तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, या आणि पाहा असे म्हणणारा आहे. पाहून परत जाणाऱ्याची वाटही जो मोकळी ठेवतो, त्यालाच असे बोलावण्याचा अधिकार आहे.