पाहुणा खेळाडू की सभासद?

गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर माझा भाचा शेजारी बसला होता. सामना संपला, घसा बसलेला, आणि तो म्हणाला, "मामू, आपली पण एक टीम पाहिजे."

"आपली म्हणजे?"

"आपल्या पोरांची. मुस्लिमांची."

ज्या तालमीसाठी तो दीड तास ओरडत होता, जी तालीम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, ती त्याला 'आपली' वाटत नव्हती. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींत वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे बाहेरच्या माणसाला क्लबची वाटतील, पण ती आहेत तालीम मंडळांची. आधी मातीचा हौदा, मग चेंडू. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभे केले. पुढे याच पेठांतल्या पोरांना फुटबॉलचे वेड लागले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये आजही पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते.

'तालीम' हा शब्द मुळात अरबी. आपल्या घरात त्याचा अर्थ शिक्षण, पेठेत त्याचा अर्थ आखाडा. शब्द दोघांचा आहे, तशी जागाही दोघांची होती. इथल्या कितीतरी तालमींत गणेशोत्सवात गणपती बसतो आणि मोहरमला पंजे. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा साऱ्या शहराला माहीत आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही ठिकाणी गणपती आणि पंजा एकाच मांडवात होते. पंजे बसवावेत की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ते असू द्या. माझा मुद्दा इतकाच, की तालमीच्या जमाखर्चात, वर्गणीत आणि घामात आपल्या आजोबा-पणजोबांचा वाटा आहे.

भाच्याच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही, असे मात्र नाही. कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि पुढची चार वर्षेही लीग त्यानेच जिंकली. आफ्रिकेत तर अशी मोठी परंपरा आहे. इंग्रजांच्या ताब्यातल्या इजिप्तमध्ये १९०७ साली कैरोत अल अहली निघाला; नावाचा अर्थच 'राष्ट्रीय'. फ्रेंचांच्या अल्जीरियात १९२१ साली अल्जिअर्सच्या मुस्लिम तरुणांनी आपला क्लब काढला आणि मौलूदवरून, म्हणजे ईद-ए-मिलादवरून, त्याचे नाव ठेवले मौलूदिया.

पण ते क्लब कुणासमोर उभे राहिले ते बघा. समोर गोरे राज्यकर्ते आणि त्यांचे क्लब होते. परक्या सत्तेपुढे आपले अस्तित्व दाखवायचे होते. कोल्हापुरात आपल्यासमोर कोण आहे? शेजारचा, शाळेतला, एकाच नळावर पाणी भरलेला माणूस. इथे वेगळी टीम काढणे म्हणजे आपल्याच वाड्यातला हिस्सा सोडून भाड्याच्या खोलीत राहायला जाणे.

मग भाच्याला असे का वाटले? कारण आहे. ७ जून २०२३. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद. मी संगणकावर पोट भरणारा माणूस. त्या दिवशी काळ्या स्क्रीनसमोर बसून फक्त रस्त्यावरचे आवाज ऐकत होतो. पुढच्या हंगामात बहिणीने महिनाभर पोराला स्टेडियमवर जाऊ दिले नाही. तिची भीती खोटी नव्हती.

अलीकडे आपल्या तालमी आफ्रिकेतून खेळाडू आणतात. तो कुठल्याही देशाचा असो, गॅलरी त्याला 'नायजेरियन'च म्हणते. गोल केला की खांद्यावर, चुकला की रंगावरून शिवी. शिवी देणाऱ्यांत आपली पोरेही असतात, हे मी कानांनी ऐकले आहे. तो सहन करतो, कारण तो पाहुणा आहे. हंगाम संपला की निघून जाणार. तालमीच्या बैठकीत त्याला मत नाही.

मला वाटते, आपणही पाहुण्या खेळाडूसारखे वागू लागलो आहोत. अकरात आपला एखादा पोरगा असतो, गॅलरीत आपण शेकड्यांनी असतो. पण वर्गणीच्या पुस्तकात? वार्षिक सभेत? कार्यकारिणीत? तिथे आपण किती जण जातो? कुणी बोलावले नाही, हे काही ठिकाणी खरे असेल. पण आपण जाऊन विचारले, असे किती जण छातीवर हात ठेवून सांगतील?

तालमीच्या ज्येष्ठांनाही सांगणे आहे. संघात घेतले म्हणजे काम संपले नाही. सभासदाला बैठकीचा निरोप जातो, हिशेब दाखवला जातो, आणि गॅलरीतून कुणी त्याच्या धर्मावरून घोषणा दिली तर पहिला माणूस तालमीचा उठतो. हे झाले तर कुठल्याच पोराला 'आपली वेगळी टीम' सुचणार नाही.

आणि मित्रांनो, आपले काम सोपे आहे. हंगाम सुरू होण्याआधी तालमीत जा. सभासद व्हायला काय लागते ते विचारा. वर्गणी द्या, पावती घ्या. सभेला जा, मागे न बसता पुढे बसा. नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. तिथे खेळणाऱ्या आफ्रिकन खेळाडूला त्याच्या नावाने हाक मारा.

भाच्याला मी हेच सांगितले. तो म्हणाला, "मामू, तुम्ही कधी गेलाय सभेला?"

नव्हतो गेलो. यंदा आम्ही दोघे जाणार आहोत.