पाऊस आपला, घर त्यांचं

जुलै उजाडला की होस्टेलवर एकच विषय : "आंबोलीला कधी जायचं?" कबनूरच्या मागांची खडखड ऐकून कंटाळलेल्यांनी जरूर घाट गाठावा. पण मित्रांनो, तिथं वागायचं कसं, यावर मला थोडं बोलायचंय.

आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याला ती दोन दिवसांची मजा. घरातच पाहुण्यांची सोय करणाऱ्यांची मात्र चार महिने परीक्षा! जूनच्या आधी सरपण भरायचं, अंथरूण-पांघरूण ओलीपासून जपायचं, लाईट गेली तरी आंघोळीचं पाणी तापवायचं. आणि गर्दी होते कधी? शनिवार-रविवारी. मधले पाच दिवस खोल्या रिकाम्या! धबधब्यात भिजून संध्याकाळी परतणारे त्या घरांना काय देतात? रस्त्यावर बाटल्या आणि कानात हॉर्न.

माणसांचं सोडा. तिथल्या सड्यावर पावसाच्या डबक्यांत 'आंबोली टोड' हा छोटा भेक अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याची नव्याने नोंद केली. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच कातळावर बाईक घालून फोटो काढणं म्हणजे कसली मर्दुमकी?

म्हणून माझं मत सरळ आहे. मुक्काम करा, घरात शिजेल ती भाकरी-पिठी खा, स्पीकर होस्टेलवरच ठेवा, कचरा सॅकमधून परत आणा. आणि सर, यंदाची सहल रविवारऐवजी बुधवारी काढलीत तर? एखादं प्रॅक्टिकल पुढं जाईल, पण एका घराचा रिकामा आठवडा भरेल!