दहावीनंतर ती मुलं गेली कुठे?

दहावीचा निकाल लागला की पुण्यात चौकाचौकांत टक्केवारीचे फलक झळकतात. पुढे त्या मुलांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. २०१५मध्ये राज्य सरकारच्या ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत विद्यार्थ्यांची नोंद सुरू झाली, पण नोंद म्हणजे माग नव्हे. अकरावी अर्ध्यात सोडलेली मुलगी लग्न होऊन गेली की आयटीआयला, हे हजेरीपटावरच्या कोऱ्या रकान्यातून कसं कळणार? अमेरिकी सरकारने २००९मध्ये नववीतल्या २०,०००हून अधिक मुलांचा नमुना निवडला आणि २०१६पर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा गाठलं. इतक्या लांब तरी कशाला जा? पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३मध्ये जवळच्या सहा गावांतल्या विवाहित स्त्रियांपासून सुरू केलेला पोषणाचा अभ्यास त्यांची मुलं अठराची झाली तरी सुटला नाही. म्हणजे चिकाटी इथेही आहे. शिक्षण खात्याने ती उसनी घ्यावी.

मुलांचा असा माग ठेवणं ही पाळत नव्हे का, हा आक्षेप रास्तच. म्हणूनच सगळ्यांच्या मागे लागू नये. संमतीने निवडलेली काही हजार मुलं पुरतात, त्यांची नावं उत्तरांपासून वेगळी ठेवता येतात, आणि खर्चही आवाक्यात राहतो. खरी अडचण वेगळीच आहे: भाड्याची खोली बदलते, सिमकार्ड बदलतं. तेव्हा पहिल्याच भेटीत मामाचा किंवा आत्याचा नंबर लिहून घ्यावा.